कधी इलस? कधी जातलस?

मागच्या अंकात आम्ही म्हटलं होतं की परदेशात बरीच वर्षं काढून जे कायमचे परत आलेत त्यांनी प्रश्न पाठवा. मला वाटलेलं बँकेचे नि कस्टमचे प्रश्न येतील, ते आले पण थोडेच, बाकी सगळ्या पत्रांचं रडगाणं एकच, की घरी आल्यावर निवांत वाटायला पाहिजे होतं आणि वाटत नाहीये. त्यातली सहा पत्रं घेतलीत. नावं काढलीत, गावं पण दोन-तीन ठिकाणी बदललीत, कारण आपल्याकडे "तो जर्मनीसून इलेलो" एवढं म्हटलं तरी अख्ख्या तालुक्याला कळतं कोण ते.

नवीन वाचकांसाठी सांगते, मी १७ वर्षं मस्कतला होते आणि २०१६ पासून कुडाळला आहे. ओमानमध्ये २०१३ पर्यंत सुट्टी गुरुवार-शुक्रवार असायची, मग शुक्रवार-शनिवार झाली, आणि मला आजही शुक्रवारी सकाळी जाग आली की पाचेक मिनिटं आज सुट्टी आहे असंच वाटत असतं. तेव्हा उपदेश करणारी बाई स्वतः पूर्ण बरी झालेली नाही हे लक्षात ठेवून वाचा.

प्रश्न : ताई, मी ३४ वर्षांचा आहे, मला अरे-तुरे करा. ८ वर्षं स्टुटगार्टला होतो, आता सावंतवाडीला घरून काम करतो. सुट्टीला यायचो तेव्हा इथला निवांतपणा इतका आवडायचा की त्याच्यासाठीच परत आलो, आणि आता तोच डोक्यात जातो. दुपारी १ ते ४ फ्यूज आणायला गेलं तरी दुकान बंद. इलेक्ट्रिशियन तीन आठवडे "उद्या येतंय" म्हणतोय. कुणालाच कसली घाई नाही. माझंच चुकतंय का?

अरे, तू जिथून आलास तिथे रविवारी काय उघडं असतं ते सांग बघू आधी. स्टेशनवरचं एखादं दुकान आणि सकाळी थोडा वेळ बेकरी, बाकी अख्खं गाव कडीकुलपात. त्यांच्या राज्यघटनेत रविवार हा विश्रांतीचा दिवस म्हणून राखून ठेवलाय, १९१९ च्या वायमार घटनेतलं कलम आजच्या घटनेत जसंच्या तसं घेतलंय. रविवारी भिंतीला ड्रिल लावलंस तर शेजारी येऊन बेल मारतो. त्याला तू आठ वर्षं शिस्त म्हणालास ना, आणि आमचा दुकानदार सकाळी लवकर शटर उघडून उन्हाच्या वेळेला घरी माशाचं जेवण जेवून तासभर आडवा झाला की तो आळशी? हे काय मला पटत नाही. तिकडे बंद कधी ते तुला पाठ झालेलं, इकडचं अजून पाठ व्हायचंय, एवढाच फरक आहे.

इलेक्ट्रिशियनचं मात्र वेगळं आहे, ती भाषा शिकावी लागते. तो "बघतंय" म्हणाला तर येणार नाही. "उद्या येतंय" म्हणाला तर मनात आहे पण उद्याच असं नाही. आणि "सकाळी पेज खावन येतंय" म्हणाला तर दहा-साडेदहाच्या सुमारास तो तुझ्या दारात असणार, कारण त्यानं वेळ दिलीय, फक्त घड्याळातली दिली नाही. दुसरं म्हणजे तो नुसता इलेक्ट्रिशियन नसतो. आमच्याकडे येतो त्याची काजूची बाग आहे, त्यामुळे मार्च ते मे त्याला फोन करायचाच नाही, जून-जुलैत भाताची लावणी, आणि दिवाळी उलटून जत्रा सुरू झाल्या की तो दशावतारात पेटी वाजवायला जातो, रात्रभर नाटक, सकाळी घरी, मग दुपारपर्यंत झोप. तुला वाटतंय त्याला काम नाही म्हणून तो येत नाही, त्याला तीन कामं आहेत म्हणून येत नाही बाबा. कुठला महिना आहे ते बघून फोन कर.

आता तुझ्या मुख्य प्रश्नाकडे येते. स्टुटगार्टला राहिलास म्हणजे तुला केअरवोखे माहिती असणार. (बाकीच्यांसाठी, त्या भागात बिल्डिंगचा जिना नि समोरचा फुटपाथ झाडायची प्रत्येक घराची आठवड्याची पाळी असते, आणि ज्याची पाळी त्याच्या दाराला तशी पाटी अडकवतात, आठवडा संपला की ती पाटी शेजारच्या दाराला.) इथे पण अगदी तेच आहे फक्त पाटी लागत नाही. वाडीतल्या देवळाची साफसफाई, पाणंदीतलं गवत, कुणाच्या आजीला दवाखान्यात न्यायला गाडी, बारावं-तेरावं असलं की खुर्च्या लावायला चार पोरं, हे सगळं कुणी ना कुणी करत असतं आणि पाळीनं करत असतं. सुट्टीला आलेल्या माणसाला ही पाळी कुणी लावत नाही, त्याला नुसतं जेवायला बोलावतात, म्हणून त्याला वाटतं इथे सगळं आपोआप नि आरामात चाललंय. तू आता सुट्टीवर नाहीस, पण तुझ्या दाराला पाटी लावायला कुणी येणार नाही, तुला स्वतःहूनच विचारावं लागेल.

आणि फ्यूज दोन जास्तीचे आणून ठेव घरात, इकडे पावसाळ्यात लागतातच.

प्रश्न : मी मर्चंट नेव्हीत सेकंड इंजिनीअर होतो, २२ वर्षं जहाजावर काढून एप्रिल संपता संपता कायमचा साईन ऑफ झालो, घर पेडण्याला. आल्या आल्या महिना-दीड महिना मुंबई, सासरवाडी, सगळ्यांच्या भेटीगाठी यात गेला, जूनमध्ये जरा स्थिर झालो आणि जुलैपर्यंत वेड लागायची पाळी आली. पहाटे साडेतीनला टक्क जाग येते, मग दिवसभर करायला काही नाही. ताजी मासळी नाही, नुसता पाऊस, सगळं गाव सुशेगाद. बायको म्हणते तुम्ही सगळ्यात नाक खुपसता. मित्र म्हणतात एन्जॉय कर. काय एन्जॉय करू?

साडेतीनला जाग येणारच हो, तुमची वॉच, म्हणजे जहाजावरची पाळी, पहाटे चार ते आठ असणार, सेकंडची तीच असते. बावीस वर्षांचं घड्याळ एका विमानप्रवासात बदलत नाही. जहाज एक टाइम झोन ओलांडलं की बोटीवरचं घड्याळ एका रात्रीत एक तासच पुढे-मागे करतात ना, एकदम पाच तास नाही करत, तसंच इथे करा, आठवड्याला पंधरा-वीस मिनिटं उशिरा उठायचं एवढंच टार्गेट ठेवा. माझ्या ओळखीतले दोन-तीन जण मला असंही सांगतात की झोप वेळेमुळे नाही तर शांततेमुळे उडते, इंजिनाची घरघर बंद झाली की जहाजावरच्या माणसाला काहीतरी बिघडलंय असं वाटून जाग येते. ते खरं असेल तर पंखा जरा आवाजवाला लावा, हसू नका, उपयोग होतो.

मासळीचं म्हणाल तर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक होड्यांना समुद्रात बंदी असते, गोव्यात पण आणि आमच्या सिंधुदुर्गात पण, माशांच्या विणीचा हंगाम आणि समुद्रही खवळलेला. हे तुम्हाला माहीत नसेल असं नाही, पण नेमके हेच दोन महिने तुम्ही किती वेळा घरी होतात ते मोजा. आणि याच्यावरनंच मला जे सांगायचंय ते सांगता येईल. तुम्ही जून-जुलैतला गाव बघताय, त्याच्या आधीचे एप्रिल-मे तुम्ही बघितलेच नाहीत, यंदा तर इथे असूनही नाही. गोव्यात ज्याला पुरुमेंत म्हणतात, शब्द पोर्तुगीजवरून आलाय, आम्ही इकडे पावसाची बेगमी म्हणतो, ती त्या दोन महिन्यांत होते. सुके बांगडे, सुंगटं, खारातले आंबे, उन्हात सुकवलेली आमसुलं, मिरच्या, फणसाच्या आठळ्या मातीत घोळवून ठेवलेल्या, लाकडं रचून झाकून, कौलं परतून झालेली. मे महिन्याच्या उन्हात अंगणात बायका चटया पसरतात, चार वाजता आभाळ आलं की धावत सगळं आत घेतात, परत दुसऱ्या दिवशी बाहेर. हे सगळं झालं म्हणून जुलैत गाव सुशेगाद बसतं. सुशेगाद हा शब्दसुद्धा पोर्तुगीज सोसेगादोवरून, म्हणजे शांत, स्वस्थ, आणि त्याचा अर्थ काम न करणारा असा बाहेरच्यांनी करून ठेवलाय, पर्यटनाच्या जाहिरातींनी तर फारच. तुम्ही गोंयकार असून तोच अर्थ घेऊन बसलात याचं मला जरा नवल वाटलं.

बायकोचं बरोबर आहे. रागावू नका, पण जहाजावर जे क्रू नसतात आणि नुसते बरोबर येतात त्यांना तुम्ही लोक सुपरन्यूमररी म्हणता ना, सध्या त्या घरात तुम्ही ते आहात. बावीस वर्षं वीजबिल, मुलांची ॲडमिशन, सासऱ्यांचं आजारपण, गळणारं छप्पर, सगळं बायकोनं बघितलं, आता तुम्ही येऊन फ्रिजमधल्या बाटल्या साइजप्रमाणे लावताय (हे तुम्ही पत्रात लिहिलं नाहीये पण मी पैज लावते). नव्या बोटीवर गेलात की आधीच्या इंजिनीअरकडून हँडओव्हर नोट्स घेता, कुठला पंप कुरकुरतो, कुठला व्हॉल्व्ह हातानं उघडावा लागतो. बायकोकडे शांतपणे बसा आणि हँडओव्हर मागा. आणि तिनं दिलं तेवढंच घ्या, पहिल्या महिन्यात चार्ज घेऊ नका. पुढच्या एप्रिल-मेमध्ये तुम्ही घरीच असाल ना? मग चटया बाहेर काढायचं आणि पाऊस आला की आत घ्यायचं काम तुमचं. इंजिन रूमपेक्षा जास्त धावपळ आहे त्यात.

पहाटे साडेतीनचं अजून एक. त्या वेळी गावात पोदेर, म्हणजे पाववाला, जागा असतो. भट्टी पेटलेली असते. जाऊन बसा एखादे दिवशी, गरम पाव घेऊन या. जागं असणारं दुसरं माणूस दिसलं की निम्मी बेचैनी जाते, मस्कतहून आल्यावर मला पहाटे दूधवाल्याशी बोलायची सवय लागलेली, अजून आहे.

प्रश्न : कतारहून परत आलोय. एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयांचं बँक खातं, तसंच चालू ठेवलं तर चालतं का? मित्र म्हणतो कुणी विचारत नाही.

मित्राचं ऐकू नका. कायमचे राहायला आलात की फेमा या परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणे तुम्ही रहिवासी झालात, बँकेला कळवून एनआरई आणि एनआरओ खाती रेसिडेंट करून घ्यायची, आणि पैसे डॉलरमध्येच ठेवायचे असतील तर त्यासाठी आरएफसी खातं असतं ते उघडायचं. इन्कम टॅक्सचे नियम याच्यापेक्षा वेगळे मोजतात, तिथे आरएनओआर नावाचा मधला दर्जा आहे, मागच्या १० पैकी ९ वर्षं तुम्ही अनिवासी असाल किंवा मागच्या ७ वर्षांत सगळे मिळून ७२९ दिवस किंवा त्याहून कमी भारतात असाल तर तो मिळतो, आणि त्या काळात बाहेरच्या उत्पन्नावर इथे साधारणपणे कर लागत नाही. ती सवलत थोडीच वर्षं असते त्यामुळे आल्या आल्या सीएकडे जा, दोन वर्षांनी नको. आधारसाठी भारतीय पासपोर्ट असेल तर १८२ दिवस थांबायची अट २०१९ पासून नाही. बाकी खात्याचे आकडे मला पत्रात लिहून पाठवू नका प्लीज.

प्रश्न : माझा मुलगा १४ वर्षं न्यू जर्सीत होता, आता सून आणि ९ वर्षांच्या नातवाला घेऊन आमच्याकडे कणकवलीला राहायला आलाय. आनंद आहे, पण रोज कटकट. पाणी कुठलं, भाजी नीट धुतली का, शेजारची बाई न विचारता आत कशी येते, नातवाचे गाल ओढू नका. सून म्हणते बाउंडरी पाहिजे. पूर्वी सुट्टीत यायचा तेव्हा असं काही बोलायचा नाही, उलट आई इथे किती छान आहे म्हणायचा. आम्ही काय एवढे बदललो?

काकू, तुम्ही बदलला नाहीत हीच तर अडचण आहे, आणि तो बदललाय हे त्याला स्वतःला माहीत नाही. यावर खूप लोकांनी डोकं चालवलंय. परक्या देशात गेल्यावर जो धक्का बसतो त्याबद्दल कालेर्वो ओबर्ग नावाच्या मानववंशशास्त्रज्ञानं १९५४ मध्ये रिओ दी जानेरोला बायकांच्या क्लबात भाषण केलं होतं, आधी सगळं गोड वाटतं, मग सगळ्याचा राग येतो, मग हळूहळू सवय होते असं त्याचं म्हणणं. पुढे १९६३ मध्ये गुलाहॉर्न नवरा-बायकोनं दाखवलं की घरी परत आलं की हे सगळं पुन्हा एकदा पहिल्यापासून होतं, म्हणजे एक खड्डा तिकडे जाताना आणि दुसरा इकडे येताना. दुसऱ्या खड्ड्याची कुणाची तयारीच नसते, कारण घरीच तर चाललोय असं वाटत असतं. तुमचा मुलगा सध्या त्या खड्ड्यात आहे, आणि खड्ड्यातल्या माणसाला पाण्याचा फिल्टरच दिसतो.

पण काकू, थोडं तुमचंही आहे, सांगू का? तो तीन आठवड्यांसाठी यायचा तेव्हा तुम्ही काय करायचात ते आठवा. आठ दिवस आधी घर सारवल्यासारखं लख्ख, नवीन चादरी, त्याच्या आवडीचं रोज, घावणे, काळ्या वाटाण्याची सांबारी, सोलकढी, गॅस संपला तरी त्याला कळू द्यायचं नाही, पंप बिघडला तर काकांनी गुपचूप विहिरीचं पाणी ओढायचं. त्यानं तुमचं घर साध्या मंगळवारी कधी बघितलंच नाही. तो ज्या निवांत घराच्या आठवणी काढत तिकडे रात्री झोपायचा ते घर तुम्ही दोघं पडद्यामागे राबून उभं करत होतात, आणि आता बारा महिने ते उभं करायला तुमचे गुडघे तयार नाहीत. तर करू नका. सिलिंडरचं बुकिंग, पंप, पंचायतीची घरपट्टी, कचरा, हे त्याच्याकडे द्या. फिल्टर हवाय तर त्यानं आणावा, बसवावा आणि कँडल वेळेवर बदलावी. एकदा स्वतःच्या हातानं करायला लागला की तक्रारी निम्म्या होतील, उरलेल्या निम्म्या कदाचित खऱ्या असतील, त्या ऐका.

शेजारणीचं अवघड आहे. ती तीस वर्षं मागच्या दारानं येतेय आणि तुम्ही आजारी पडलात तेव्हा त्याच दारानं पेज घेऊन आली असेल, हे सुनेला कुणी सांगितलंय का? सांगा, पण टोमणा म्हणून नको. आणि सुनेचं एक मात्र बरोबर, पोराला नको असेल तर गाल ओढायचे नाहीत, हे न्यू जर्सीवरून आलंय म्हणून चुकीचं होत नाही.

नातवाची परीक्षा घेणं बंद करा. "ह्याका काय म्हणतत सांग बघू" असं येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारतो, पोरगं घाबरून इंग्रजीत घुसतं. शाळेत मराठी येईलच, महाराष्ट्रात २०२० च्या कायद्यानं सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीचं आहे. पण खरी भाषा त्याला वाडीतली पोरं देतील आणि पहिले शब्द तुम्हाला आवडणार नाहीत असेच असतील. काणाडोळा करा.

प्रश्न : कुवेतहून निवृत्त होऊन आलो. स्वप्न होतं की वडिलांच्या जागेत छोटं घर बांधून शांत राहायचं. सातबारावर ३१ नावं निघाली, त्यातली ९ माणसं हयात नाहीत. चुलत भाऊ चहा देतात, सही देत नाहीत. भाऊ अमेरिकन नागरिक आहे, तो म्हणतो सोड, मी ओसीआयवर (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसांचं कार्ड) दुसरी आंब्याची बाग विकत घेतो. काय करावं?

भावाला आधी थांबवा. ओसीआय कार्डावर शेतजमीन, बाग किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही, वारसानं आलेलं ठेवता येतं, फ्लॅट घेता येतो. एजंट काहीही सांगतात.

तुमच्या जमिनीचं क्रमानं करा, आधी जे वारलेत त्यांच्या वारसांच्या नोंदी लावून घ्या, मृत्यूचे दाखले गोळा करण्यातच वर्ष जाईल कारण एक दाखला मुंबईत, एक गुजरातेत असं असतं. मग सगळ्यांची संमती असेल तर महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटप होतं, कोर्टात जावं लागत नाही. संमती नसेल तर दिवाणी दावा, आणि तो तुम्ही या वयात घालावा असं मला वाटत नाही, पण निर्णय तुमचा.

सहीचं सांगते. चुलतभावांच्या बाजूनं बघा. तुम्ही कुवेतला होतात तेव्हा त्या जागेचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, कुणी घातला, शेतसारा कुणी भरला, गणपती कुणाच्या घरी बसायचा आणि तुम्ही किती वर्षं आलात? तुम्ही पैसे पाठवले असतील, माझ्या नवऱ्यानं पण पाठवले. मूळ घरच्या गणपतीचे पैसे आम्ही दरवर्षी वेळेवर पाठवायचो आणि मला वाटायचं झालं आपलं कर्तव्य. परत आलो त्या पहिल्या वर्षी घरचे माटवी (गणपतीच्या वरचं फळापानांचं छत) बांधत होते आणि मी खुर्चीवर बसून फोटो काढत होते. कवंडळं, सुपारीचे घड, आंब्याचे टाळ, हे सगळं दीर रानात जाऊन आणतात, पायाला काटे, अंगावर मुंग्या. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊबाईंनी काही न बोलता माझ्यासमोर खवणी आणि अकरा नारळ ठेवले. अकरा! मस्कतला मी पावडर वापरायचे. संध्याकाळी भजनाला येणाऱ्यांसाठी उसळ होती, माझे हात थरथरत होते आणि जाऊबाई पहिल्यांदा माझ्याशी नीट बोलल्या, ते पण काय तर खोबरं जाडं पडलंय.

तर सही मागायला जाऊ नका सहा महिने. नुसते जात जा. गडगा पडला असेल तर तो बांधायला हात लावा, चुलतभावाच्या वाट्याकडचाही. सगळ्या सह्या येतील असं मी म्हणत नाही, दोन-तीन जण अडून बसणारच, आमच्याकडे अजून एक बसलेत. पण घर बांधलंत तर रात्री अपरात्री हाक मारायला तीच माणसं असणार आहेत, कोर्टाचा हुकूम नाही.

प्रश्न : मी ११ वर्षं लंडनला नर्स होते, आता वेंगुर्ल्याला आई-बाबांजवळ आलेय, कायमची. लग्न केलेलं नाही. बाहेर पडले की प्रत्येक माणूस विचारतो "कधी इलस?" आणि लगेच पुढचा प्रश्न "कधी जातलस?" मग पगार किती होता, लग्न का नाही केलंस, वजन वाढलंय. चार महिने झाले. सारखं वाटतं की यांना मी नकोय. कधी नॉर्मल वाटेल?

"कधी जातलस" याचा अर्थ जा असा नाही गं. तो हवामानासारखा प्रश्न आहे. इथल्या माणसांनी चाकरमानी बघितलेत पिढ्यानपिढ्या, मुंबईच्या गिरण्यांत गेलेले, बोटीवर गेलेले, आखातात गेलेले. येतात, चार दिवस राहतात, जातात, मे महिना नि गणपती. येणारं माणूस परत जाणारच हे इतकं पक्कं बसलंय की तू राहणार आहेस हे वाक्य त्यांच्या कानात शिरतच नाही. मला पण विचारायचे. पहिल्या वर्षी मी प्रत्येकाला समजावत बसायची की नाही हो आता कायमचे आलोय, आणि त्यांच्या चेहऱ्यावर "म्हंजे थयली नोकरी गेली वाटता" असं स्पष्ट यायचं. मग मी समजावणं सोडलं.

बाकीच्या प्रश्नांचं मात्र मी तुला गोडगोड सांगणार नाही. आपल्या माणसांची आपुलकी वगैरे म्हणून लग्नाचे आणि वजनाचे प्रश्न खपवून घ्यायचे असा काही नियम नाही. काही जण आपुलकीनं विचारतात, काही जण दुपारच्या गप्पांना माल मिळावा म्हणून विचारतात, आणि दोन्हीतला फरक तुला चार महिन्यांत कळला असेल. उत्तर न देता उलट प्रश्न टाकायची कला शिक, "ता रवांदे, तुमच्या गुडघ्यांचा काय झाला?" एवढं पुरतं. तू नर्स आहेस म्हटल्यावर तर समोरचा अर्धा तास स्वतःबद्दलच बोलेल. आणि हे तुझ्या लक्षात आलंय का माहीत नाही, तू पत्रात लिहिलंयस की शेजारचे आजोबा इन्शुलिन कसं घ्यायचं विचारायला आले आणि बेल न मारता आले म्हणून तुला राग आला. राग ठीक आहे, पण चार महिन्यांतलं ते पहिलं माणूस आहे ज्यानं तुला कधी जातलस असं विचारलं नाही.

नॉर्मल कधी वाटेल याची तारीख मला देता येत नाही. माझं सांगते. मासेवाली यायची दारात, तिचं पण रोजचं तेच, "वयनी, कधी जातलास?" दुसऱ्या की तिसऱ्या पावसानंतर मी दोन दिवस रत्नागिरीला बहिणीकडे गेले होते, आल्यावर ती पाटी उतरवत करवादली, "काल खय व्हतास? मी तुमचे बांगडे राखून ठेवलेले, शेवटाक कुसाक इले." त्या दिवशी मी चाळीस रुपये जास्त दिले आणि तिनं घेतले पण.